वास कुणाचा

“या टाकीत फिनेल कोण ओततं?” परसातल्या सांडपाण्याच्या टाकीचं झाकण बाजूला ठेवत टाकीवाल्याने विचारलं.

भाच्याने आणि भाचेसुनेने एकदमच आत्याकडे पाहिलं.

आत्याने जन्मभर इस्पितळाच्या धुलाईघरात परक्यांच्या चादरी उकळून पांढऱ्याशुभ्र केल्या. आणि या बाईच्या अंगाला वास येतो म्हणे! सांगा आता. महिनाभर घरात हीच कुजबुज. तिची खोली टाकीला लागून, पण नाकं मुरडली ती तिच्याकडे बघून. म्हातारपणी स्वच्छता राहत नाही, असं ठरवून भाचा वृद्धाश्रमही बघून आला. बिचारी दोन-दोनदा अंघोळ करायची, अंथरूण उन्हात टाकायची, न्हाणीत बाटलीच्या बाटली फिनेल ओतायची. वास काही हटेना.

“मीच ओतते,” ती म्हणाली.

“घात केलात, मावशी! या टाकीत जिवाणू असतात. घरातली सगळी घाण तेच खातात, तेव्हा कुठे झाडांना घालण्याजोगं पाणी निघतं. फिनेलनं मरतात ते.”

“बघ! मी म्हणत नव्हतो?” भाच्याला चेव चढला. “आत्या, तुला आता झेपत नाही. आश्रमात सगळं करायला माणसं आहेत.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं आत्याला झालं. टाकीवाला मात्र टाकीकडे कान देऊन उभा होता.

“पण टाकीचा पंप का वाजत नाहीये?”

त्याने भिंतीवरची पेटी उघडली. बटण बंद.

“अहो, हा रात्रंदिवस चालायला हवा! पाण्यात हवा सोडतो तो. हवा नाही मिळाली तर आपले जिवाणू गुदमरतात आणि हवेवाचून जगणारे माजतात. हा नासका वास त्यांचाच. कुणी बंद केला?”

भाचा झाडांकडे बघायला लागला.

“तुम्हीच नाही का केलात?” भाचेसून बोलून गेली. “तुमचे साहेब जेवायला आले तेव्हा. घरघर बरी वाटत नाही म्हणून.”

“मग चालू करायचा राहिला.”

“राहिला कुठे? शांत झोप लागते म्हणालात की!”

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! बटण तू दाबलंस आणि वास माझ्या अंगाला? अरे, त्या वासापायी तर फिनेल ओतलं मी!”

“आत्या, झालं गेलं. पंप लावू, टाकीत नवे जिवाणू सोडू. तूही कुठे जायचं नाहीस. संपला विषय.”

“तुझा संपला असेल. तुझ्या बहिणीला फोन लाव. आत्याला स्वतःच्या अंगाचं भान राहिलं नाही, असं सांगितलंस ना तिला? आता खरं सांग.”

“आत्ता? यांच्यासमोर?”

“मी यांच्यासमोरच ऐकून घेतलं.”

त्याने फोन लावला. “अगं, तो वास टाकीचा होता. पंप बंद पडला होता.”

“पडला नव्हता,” आत्या म्हणाली.

“म्हणजे... बंद केला होता.”

“कुणी?”

टाकीवाल्याने उगाचच पाना पुसायला घेतला. फोनमधून बहीणही तेच विचारत होती.

“मी,” भाचा म्हणाला.

भाचेसून धावत खुर्ची घेऊन आली. आत्याने हाताने नको म्हटलं आणि दाराची चौकट धरून उभीच राहिली.