ओंजळीएवढं खोकं

चिमट्याला सगळं लहान करायची खोड होती. त्याच्या संघाच्या स्पर्धेतल्या रोबोला चार चाकं होती आणि प्रत्येक चाकाला दोन मोटरी, एक चाक फिरवायला आणि दुसरी त्याचं तोंड हवं तिकडे वळवायला. त्यामुळे रोबो न वळताच खेकड्यासारखा बाजूला सरकायचा. चाक, गिअर आणि मोटरींचा हा संच इतर संघांत चांगला विटेएवढा व्हायचा. यानं तो ओंजळीत मावणाऱ्या खोक्यात बसवला, तेही ॲल्युमिनियमच्या अखंड तुकड्यातून कोरलेल्या. महिनाभर तो ते खोकं जेवतानाही ताटाशेजारी ठेवून बसायचा.

संघात लेथ चालवणाऱ्या दाजींना ते पटलं नाही. "दिसतंय देखणं. बिघडलं तर हात कुठून घालायचा?"

चिमट्याची ताई, म्हणजे दाजींची बायको, संघाची कप्तान होती आणि रोबो तीच चालवायची. तिनं नवऱ्याला डावलून भावाच्या बाजूनं कौल दिला. पण नंतर त्याला गाठून बजावलं, "फसलं तर पुढच्या वर्षीपासून आराखडे तुझ्याकडे नाहीत. मी एकदाच तोंडावर पडेन."

आराखड्यांशिवाय चिमट्याला दुसरं काही गोड लागत नव्हतं. तो धास्तावला, पण मिलिमीटरही वाढवला नाही.

उपांत्य सामना जिंकल्यावर स्वारी हवेत होती. ताईनं रोबो आडवा केला, तर एका चाकाचं रबर सोललं होतं.

"बदल पटकन," ती म्हणाली.

चिमट्यानं पाना उचलला आणि तसाच उभा राहिला. चाकाचा स्क्रू खोक्याच्या पाठीच्या भोकातून सुटायचा. घरी टेबलावर त्यानं तो कितीदा तरी सोडवला होता. रोबोत मात्र ती पाठ चौकटीला चिकटून बसली होती आणि चौकटीमागे बॅटरी होती. खोकंच काढायचं तर आधी रोबोचा अख्खा हात उतरवावा लागणार होता, आणि अंतिम सामन्याआधी तेवढी उसंत नव्हती.

 

"तशीच खेळू का?" ताईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

त्यानं चाक उलटं वळवून स्क्रू पुढच्या बाजूला आणला, कीस आत जाऊ नये म्हणून गिअरवर चिकटपट्टी लावली आणि खोक्याच्या पुढच्या भिंतीत खिडकी पाडायला हॅक्सॉ ठेवला. कापताना त्याला अक्षरशः रडू येत होतं. दाजींनी कीस ओढायला व्हॅक्यूमची नळी धरली. कानशीनं कडा साफ केल्या, रबर बदललं आणि ताई धावतच मैदानात गेली.

अंतिम सामना ते जिंकले. रडतखडत, पण जिंकले.

मग उत्तम आराखड्याचं बक्षीस ठरवणाऱ्या परीक्षक बाई आल्या. त्यांनी त्या खिडकीत बोट घातलं. "लहान खोकी बरेच जण करतात. पण दुरुस्तीला जागा ठेवायचं तुम्हालाच सुचलं."

 चिमट्यानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"सुचलं नव्हतं," चिमटा म्हणाला. "विसरलो होतो. आत्ताच कापली."

बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं आणि त्या पुढच्या संघाकडे गेल्या.

"घालवलंस बक्षीस, शहाण्या," ताई म्हणाली. "पुढच्या वर्षीही आराखडा तूच कर. पण आधी रोबोत बसवून, माझ्यासमोर रबर बदलून दाखवायचं."