तिसरं रीळ आधी

आमचा मामा टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. तिथे लागलेल्या एका भुताच्या विनोदी सिनेमाचं त्याने आयुष्यभर इतकं कौतुक केलं, की तो न पाहताच आम्ही हसत लहानाचे मोठे झालो. रविवारी दुपारी अखेर तो टीव्हीवर लावला. हसून पोट दुखणार म्हणून सगळे आधीच उशा पोटाशी धरून बसलो.

तास झाला तरी कुणी हसेना. बंगल्यात नवा आचारी नोकरीला लागला, भुताला घाबरून मेला, त्याला पुरलं, संपलं. आई तर चक्क घोरायला लागली.

"मामा, यात हसायचं कुठे?" मी वैतागून विचारलं.

मामाचा चेहरा पडला. "आचाऱ्याला आधी पुरतात, मग तो नोकरी मागायला येतो. यांनी उलटंच दाखवलंय."

"उलटं तुम्ही दाखवत होतात," मामी शांतपणे म्हणाली. ती तेव्हा तिथेच तिकीट खिडकीवर बसायची. "सात आठवडे तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लावलंत. लोक पोट धरून बाहेर पडायचे, म्हणून मी बोलले नाही."

मामाने रिमोट घेतला आणि पुढे-मागे करत आपल्या जुन्या क्रमाने सिनेमा लावला. आता नुकताच पुरलेला आचारी कोट घालून मालकासमोर उभा होता. मालकाने विचारलं, "तब्येत कशी असते?"

"ठणठणीत," आचारी म्हणाला.

आई दचकून उठली, तर आम्ही सगळे जमिनीवर लोळत होतो.

मामीने डोळे पुसले. "आता पहिलं रीळ शेवटी लावून बघा."