खाली दोन रेघा

तिसऱ्या दुकानात पोचले तोवर माझे पाय दुखत होते आणि तोंड सुरू होतं. क्रांती चौकातल्या पहिल्या दुकानदारानं मोबाईल उलटसुलट करून दात काढले, "अम्मा, इसको म्यूझियम में रख दो." मी म्हणलं, "जागा दोघांची बघ, तुला बी शेजारी ठेवते." दुसऱ्यानं तर हातच लावला नाय.

तिसरं दुकान मागच्या गल्लीत, एका बाईचं. मोनिका नाव. तिनं मोबाईल उघडला, भिंगातून आत बघितलं आणि मान हलवली.

"मावशी, ह्यात काही राहिलं नाही. डिस्प्ले गेला, बॅटरी फुगली. ह्या पेनवाल्या मॉडेलचे पार्ट आता येत पण नाहीत. कुणाच्या तरी बंद फोनमधून काढून बसवावं लागेल. तेवढ्यात नवा येतो की."

"नवा माझ्या पोरानं आणून ठेवलाय. डब्यात हाय."

"मग हा कशाला?"

मी मोबाईलचं पेन बाहेर ओढलं आणि परत आत सारलं.

माझे मालक एसटीत कंडक्टर होते. आवाज असा, की मागच्या सीटवर घोरणारा माणूस उठून तिकीट काढायचा. "चला, पुढं सरका, पुढं लग्न हाय का कुणाचं?" घरात बी तसंच. मी म्हणायचे, इथं काय मी पन्नास माणसं बसवलीत का? मग घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. सगळाच गेला. घर इतकं चिडीचूप झालं की मला कुकरची शिट्टी बी बरी वाटायला लागली.

इंद्रजीतनं, म्हणजे पोरानं, त्याचा हा जुना मोबाईल बापाला दिला. बाजूनं पेन निघतं, काचेवर लिहायचं. मालक खूश. पेन कानावर ठेवायचे, ड्युटीवर ठेवायचे तसंच. लिहायचे आणि माझ्यासमोर धरायचे.

आता माझी शाळा दुसरीपर्यंत. छापलेलं मी वाचते. एसटीच्या पाट्या, दुकानांची नावं, गोळ्यांची पाकिटं, सगळं लावून लावून वाचते. पण त्यांचं अक्षर! तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून लिहिलेलं. गाडी थांबली, माणूस घरी बसला, तरी अक्षर खड्ड्यातून चाललेलंच. मला त्यातलं एक अक्षर लागायचं नाय. पण मी कधी बोलले नाय. त्यांच्या तोंडाकडं बघायचं, हात कुठं चाललाय बघायचं आणि ओळखायचं. पाणी, पंखा, उशी. दहातलं नऊ बरोबर यायचं.

जाण्याच्या आठ दिवस आधी, दुपारी, त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या. माझ्यासमोर धरलं. तोंडाकडं बघितलं तर डोळे भरलेले. हात कुठंच चालला नव्हता. मला काय बी कळलं नाय.

मी म्हणलं, "व्हय व्हय, कळलं. करते."

त्यांनी माझा हात धरला. चाळीस वर्षांत दिवसाउजेडी पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी करून घेतली. पांढरा सदरा मागितला. खुर्ची दाराकडं वळवून बसले. मला वाटलं, बरं वाटतंय. तिसऱ्या दिवशी बी बसले. चौथ्या दिवशी बी बसले, संध्याकाळी सदरा काढून स्वतः घडी घातली आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

त्याला दोन वर्षं झाली. मी मोबाईल रोज चार्जिंगला लावायचे, उघडायचे, त्या दोन रेघांपर्यंत यायचे, बघायचे. पोराला विचारलं असतं तर त्यानं वाचून दाखवलं असतं. पण मग त्याला कळलं असतं, की बाप मरताना लिहीत होता आणि आई नुसतीच मान डोलवत होती. यंदा दसऱ्याच्या साफसफाईत मोबाईल फळीवरनं पडला आणि काच काळी झाली.

हे सगळं मी मोनिकाला सांगितलं नाय. एवढंच म्हणलं, "आत माझ्या मालकाचं अक्षर हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. ड्रॉवरमधून तडा गेलेला दुसरा एक डिस्प्ले काढला, पट्टी जोडली. "हा तात्पुरता. बसवता येणार नाही, नुसतं दिसेल." काच उजळली. कुलूप आलं. "पॅटर्न माहीत आहे?"

मला माहीत होता. खाली, आडवं, खाली, आडवं. एसटीच्या पायऱ्या.

ती एकेक वाचायला लागली. "चहात साखर घाल, मी आजारी आहे, चहा नाही." ती हसली. "इंद्रजीतवर ओरडू नको." "शेजारीण गेली का?" "तू आज जेवली नाहीस, मी बघितलं."

हे मला कुठं माहीत होतं? त्या दिवशी मी त्यांना पाणी दिलं असणार.

"खाली दोन रेघा हायत, ते बघ."

तिनं काच डोळ्याजवळ नेली. वाचायला वेळ लागला तिला. शिकलेल्या बाईला वेळ लागला म्हणून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"केसरला बोलाव. मला तिला बघायचं आहे. तुझा राग मला कळतो. पण एकदा."

केसर माझी नणंद. देवगाव रंगारीला दिलेली, मालकांची एकुलती बहीण. इंद्रजीतच्या लग्नात मी चार बायकांसमोर पत्रिका उलटी धरली होती. चष्मा नव्हता. केसर मोठ्यानं म्हणाली, "वैनी, सुलटी धरा, नवरदेव डोक्यावर उभा राहिलाय." सगळ्या हसल्या. त्या दिवसापासनं मी तिला उंबरा चढू दिला नाय. अकरा वर्षं. मालकांनी एकदा बी तिचं नाव काढलं नाय. मातीला आली तेव्हा लांब उभी राहिली आणि पाणी न पिता गेली.

आणि मी त्यांना म्हणलं होतं, कळलं, करते. पांढरा सदरा घालून माणूस तीन दिवस दाराकडं बघत होता.

मोनिकानं स्टूल पुढं सरकवलं. मी बसले.

"मावशी, मी ह्याचा फोटो काढून देते," ती हळूच म्हणाली. "मग फोन दुरुस्त करायची गरजच नाही."

"फोटो नको. केसरला त्यांच्या हातातल्या मोबाईलवरच दिसलं पाहिजे. कर दुरुस्त."

"पेन नाही चालणार पण."

"पेन आता कुणाला चालवायचंय?"

बुधवारी देते म्हणाली. मी तिला म्हणलं, आता तुझ्या मोबाईलवरनं एक फोन लावून दे. ह्याच्यातच नंबर असंल, केसर नावानं.

नंबर होता. घंटी लई वेळ वाजली.

"कोण?" तोच आवाज. भावासारखाच दणदणीत, मागच्या सीटपर्यंत जाणारा. ऑपरेशनपासनं तो आवाज मी कुठं ऐकला नव्हता, आणि तो इतके दिवस देवगावात होता.

"केसर," मी म्हणलं, "मी बोलते. पत्रिका उलटी धरणारी."

पलीकडनं बारीक झालेला आवाज, "बोला वैनी."

"तुझ्या दादानं तुझ्यासाठी एक लिहून ठेवलंय. बुधवारी ये."

"काय लिहिलंय?"

"येऊन वाच," मी म्हणलं. "मला त्यांचं अक्षर वाचता येत नाय. कधीच येत नव्हतं."