मनसारामचा पंखा आणि रोहूची पिल्लं

मासेमार मनसारामची पवनचक्की इतकी हलकी, की शेजारच्या म्हशीने उसासा टाकला तरी फेरा घ्यायची. खोटं वाटत असेल त्याने म्हशीला विचारावं. कुरखेड्याकडच्या त्या गावात बांबूच्या शेंड्यावर जुन्या पत्र्याची पाती फिरत. त्यावर मोटर चाले आणि टाक्यात हवेचे बुडबुडे सोडी. टाक्यात रोहूची पिल्लं होती, पापणीच्या केसाएवढी. गावतलावाची वर्षभराची मासळी ती एवढीच. हवा थांबली की गुदमरणार.

सरकारी वीज सकाळीच गेलेली, तारेवर झाड पडून. दुपारी धानाच्या रोवणीवरून परतताना शेजारचे शेतकरी गुणवंतराव बांधावर थबकले.

"वाऱ्याच्या भरवशावर काऊन बसला गा, मनसाराम? अणूची वीज पाह्यजे. एकदा भट्टी पेटली का महिनोन्‌महिने दिवसरात्र चालते."

"अन् पेटेपर्यंत, भाऊ? बांधाले वर्षामागून वर्षं, हजारो कोटी रुपये! तवर पिल्लाइले काय सांगू, दम धरा, अणू येऊन राह्यला? माहा पंखा भंगारातून झाला. वारा त फुकट."

"फुकटचा पाहुणा बोलावला तवा येते काय?"

वाऱ्याने हे ऐकलं असावं. पाती थांबली. म्हशीनेही श्वास रोखला.

"अवो, वाद मंग घाला!" मनसारामची बायको भागीरथा ओरडली. "पिल्लं तोंडं वर काढून राह्यली!"

मनसाराम टाक्याकडे धावला. त्याचा आजा कावडीतून मासळीचं बीज नेताना वाटभर तळहाताने पाणी थापटायचा, म्हणजे पाण्यात हवा मिसळे. मनसारामने तसेच दोन्ही हात टाक्यात घातले. भागीरथाही थापटू लागली. पण टाकं मोठं, हात चार.

गुणवंतरावांनी धोतर खोचलं आणि तेही सरसावले. थापटताना त्यांनी वाऱ्याला इतक्या शिव्या घातल्या, की पाण्याला बुडबुडे त्यांचेच जास्त आले. पाणी असं उडालं, की उघडीप संपली समजून एक बगळा झाडाखाली जाऊन उभा राहिला.

उन्हं कलली तेव्हा पातं हललं. मोटर घुरघुरली. पिल्लं खाली गेली.

"भाऊ, वारा स्वस्त हाये, पण लहरी," मनसाराम म्हणाला. "त्याच्या जोडीले धीराचं कोणी लागते. अणू आला त त्यालेही हात जोडीन."

"अणू महाग हाये, मलेई समजते. पण तुह्या फुकटच्या वाऱ्यानं माही कंबर मोडली, तो खर्च कुठी मांडतेस?"

 मनसारामने हात जोडले, आधी गुणवंतरावांना, मग वाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं तलावात सोडायची होती. पहिली वाटी मासेमारांच्या घरच्या वडीलधाऱ्याने सोडायची, अशी रीत. मनसारामने ती गुणवंतरावांच्या हाती दिली.

"मले काऊन?"

"ते तुमच्या श्वासावर जगले, भाऊ."

कंबरेला हात लावत, कण्हत, गुणवंतराव पाण्याशी वाकले. वाटी कलंडली आणि पिल्लं हिरव्या पाण्यात पसरत गेली.