नाबुकालूची पुडी

खट्.

सकाळच्या शांततेत मागच्या खोलीला बाहेरून कडी लागली आणि आतून नाबुकालूने दारावर एकदा हात आपटला. एकदाच. आता ती रडत नसे. दर महिन्याला काही दिवस या खोलीत काढायचे, हे तिने मान्य करून टाकलं होतं. का काढायचे, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सोलोम, तिची आई, कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. पोर पंधरा वर्षांची, पण समज लहान मुलीची. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा नाबुकालू केळी सोलत होती. सुरी लागली असं वाटून तिने एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं. जखम सापडेना, तशी ती घाबरून ओरडत अंगणभर धावली, शेजाऱ्यांदेखत. त्या दिवसापासून ही कडी.

आईने का नाही समजावलं, असं तुम्हाला वाटेल. पण तिकडे मसाका जिल्ह्यात हे आईने बोलायचं नसतं. मुलगी वयात आली की तिची आत्या येते, भाचीला जवळ घेऊन बसते आणि बाईपणाचं सगळं सांगते. आईने मध्ये तोंड घातलं तर तो आत्याचा अपमान. थोरल्या लेकीला, प्रॉसीला, केझियाआत्याने असंच शिकवलं होतं. नाबुकालूसाठीही सोलोमने पुन्हा पुन्हा निरोप धाडले. शेवटी उत्तर आलं, "मी सासरी जाणाऱ्या पोरी घडवते. हिला कोण नेणार? दगड उकळून रस्सा निघतो का?"

आत्या येईना, आईने बोलायचं नाही, मग उरली कडी.

दर महिन्याला पोर शाळेत का येत नाही, हे विचारायला तिच्या वर्गाच्या असुम्प्ता मॅडम त्याच दिवशी घरी आल्या. त्यांना कडी दिसली. त्या रागावल्या नाहीत. चुलीपाशी बसल्या आणि पातेल्यातल्या मटोकेकडे पाहू लागल्या. हिरवी केळी पानात घट्ट बांधून वाफेला लावली होती.

"ही पुडी कुणी बांधली?"

"तिनेच, पहाटे. आमच्याकडे तीच बांधते. पान म्हणून फाटत नाही."

"पान शेकून मऊ करायचं, केळी मधोमध, चारी बाजू आत, वरून केळीच्या सोपाची, त्या सालपटाच्या दोरीची गाठ. हे सगळं तिला सांगून कळलं?"

"सांगून कसलं कळतंय! माझ्या मांडीला मांडी लावून, करून करून शिकली."

"मग झालं तर. पोरीची शाळा हातात आहे, कानात नाही. तिला कळत नाही म्हणून आपण शिकवत नाही, आणि शिकवत नाही म्हणून तिला कळत नाही. त्या चरकात पिळून निघते ती." मॅडमनी कडीकडे पाहिलं. "आत्याची जागा आत्याला ठेव, सोलोम. आईची जागा मात्र तू सोडू नकोस."

सोलोमने दार उघडलं.

जुन्या सुती कपड्याच्या घड्या शिवल्या. चटईची पाती रंगवायचा लाल रंग त्यातल्या एका घडीवर सांडला आणि लेकीला दाखवला. हे असं येतं. दुखापत नाही. मलाही येतं, प्रॉसीलाही येतं. नाबुकालूने आधी आईची बोटं तपासली. मग हसली. पेजेच्या वेळी बदलायचं, जेवणाच्या वेळी, चहाच्या वेळी, झोपताना. नवी घडी घ्यायची. जुनी पानात ठेवायची, चारी बाजू आत, वरून गाठ. धुवायच्या बादलीशी नेऊन ठेवायची. हात धुवायचे. धुतलेलं खाटेखाली दडवायचं नाही, उन्हात वाळवायचं. आणि कुणाला सांगायचं? "आईला, आत्याला," नाबुकालू बोटांवर मोजत म्हणायची. बाकी कुणाला नाही.

कधी चुकायची. एकदा तर तिने घडीसोबत एक केळंही बांधून ठेवलं. मायलेकी हसून लोळल्या. पण हळूहळू हात शिकला.

काही महिन्यांनी प्रॉसीचा क्वांजुला ठरला, म्हणजे वरपक्षाने वाजतगाजत येऊन मुलगी मागायचा दिवस. घरातल्या पोरी गोमेसी, म्हणजे सणाचा पायघोळ झगा, घालून नटून ओळीने बाहेर येतात, गुडघे टेकून पाहुण्यांना नमस्कार करतात. त्या ओळीत आपण असणार, हा नाबुकालूचा ध्यास होता. रोज कोंबड्यांपुढे गुडघे टेकून ती सराव करायची.

नवरीला तयार करायला केझियाआत्या आठवडाभर आधीच आली. दोरीवर उन्हात वाळणाऱ्या घड्या पाहून तिने कपाळाला हात लावला. भावजयीने आपल्या मानावर पाय दिला, असं ती चारचौघींत बोलली. सोलोम रीतीप्रमाणे गुडघ्यावर बसली, पण मान खाली घातली नाही.

"वन्सं, काम तुमचंच होतं. वाट पाहून पाहून केलं. रक्त काही नवरा बघून येत नाही."

आत्या नवरीच्या तयारीला लागली. समारंभाच्या सकाळी मात्र, नाबुकालूचे दिवस आल्याचं प्रॉसीकडून कळताच तिने हुकूम सोडला: पाहुण्यांसमोर डाग दिसला तर घराण्याचं नाक जाईल. पोरीला मागच्या खोलीत ठेवा. आणि स्वतःच कडीकडे निघाली.

तेवढ्यात न्हाणीतून नाबुकालू बाहेर आली. हातात पानाची नेटकी पुडी, सोपाने बांधलेली. ती बादलीशी गेली, पुडी ठेवली, हात धुतले. मग आत्याजवळ येऊन तिच्या कानाशी लागली.

"आत्या, माझे दिवस आलेत. बदललं. हात धुतले. तुलाच सांगते."

केझिया जागच्या जागी थांबली. इतक्या भाच्या तिने शिकवल्या, त्या सगळ्या लाजत, मान खाली घालून हेच सांगत आल्या होत्या. ही भाची तिने नाकारली होती. तरी हिने आत्याचा मान राखला होता!

"सोलोम," आत्या कडीपासून मागे वळली, "हिची गोमेसी आण. कमरपट्टा मी बांधते."

त्या दुपारी पोरींची ओळ मांडवात आली, तेव्हा सर्वात मोठ्याने नमस्कार केला तो नाबुकालूने. पाहुणे हसले, बायांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. जेवणाच्या वेळी ती कुणी न सांगता उठून आत गेली आणि ताठ मानेने परत येऊन बसली. आत्या शेजारणीला सांगत होती, "माझी भाची आहे."

बायाबापड्यांनो, अशी लेक आपल्याही गल्लीत असते. तिच्या शरीराचा विटाळ मानू नका, तिच्या समजेची कीव करू नका. तिला जे येतं तिथून सुरुवात करा. बाकीचं तिचे हात शिकतील.

पाहुणे गेल्यावर सोलोम भांडी आवरत होती. मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहून नाबुकालू कडीशी खेळत होती. खट्. पुन्हा खट्. मग ती वळली.

"आई, आधी तू हे दार का लावायचीस?"