रांगोळीतली दुसरी पावलं

मडिवाळप्पा सर पोरांची पावलं रांगोळीत वाचायचे. साखर पेठेत बंद पडलेली एक यंत्रमागाची शेड होती. माग भंगारात गेले आणि सरांनी तिथं किकबॉक्सिंगचा वर्ग काढला. सरावाआधी ते पिठाच्या चाळणीनं फरशीभर पांढरी रांगोळी चाळायचे, एकेकाला तीन मिनिटं हवेशी लढायला लावायचे आणि मग चष्मा पुसून उकिडवे बसायचे. कुठं टाच जड पडली, कुठं पायात पाय आला, सगळं उमटलेलं असायचं. पोरं तोंडानं खोटं बोलतात, तळव्यांना ते जमत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी भर दुपारी वर्गातली शिवलीला एकटीच लढली. सर बघायला बसले, तर फरशीवर दोघांची पावलं.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

"तुझी न्हाईत," सर म्हणाले. "तुझी इतकी चांगली न्हाईत."

दुसरी पावलं मोठी, अनवाणी. डाव्या पायाला करंगळी नव्हती. शिवलीला पुढं सरकली की ती पावलं तिच्या पुढच्या डाव्या पायाच्या बाहेरून निघायची आणि अर्धगोल घेत तिच्या पाठीकडं जायची.

"बगलेत घेतोय तुला," सर कौतुकानं म्हणाले. "समोरासमोर भिडतंय कोण? बैल. श्याना माणूस बाजूला सरकतो. तितनं त्याचे दोन्ही हात तुला लागतात, तुझा एकबी त्याला लागत न्हाई."

"पण सर, हा हाय कोण?"

"नाव कशाला विचारू? येळेवर येतोय की. मागं प्रभुलिंगबरोबर असायचा. मधी दोन वर्षं दिसला न्हाई, मला वाटलं, क्लास सोडला."

प्रभुलिंगला शिवलीला ओळखत होती. तो कधीकाळी जिल्ह्यातला पहिला होता. एक दिवस ती पावलं त्याच्या बरोब्बर मागं जाऊन उभी राहिली. त्यानंतर तो रिंगणात उतरला नाही. आता एका मंगल कार्यालयात वॉचमन आहे आणि दिवसभर भिंतीला पाठ लावून बसतो. स्वतःच्या लग्नातही त्यानं मांडवाचा खांब सोडला नाही. लग्न लावणाऱ्या स्वामींनी शेवटी खांबावरही अक्षता टाकल्या.

रविवारी निवड चाचणी होती. शिवलीलाला निवड तर हवीच होती, पण त्याहून जास्त स्वतःची पाठ हवी होती.

मंगळवारी पावलं तिच्यापासून हातभर लांब होती. बुधवारी वीतभर. त्या दिवशी तिला डाव्या कानामागं गार लागलं आणि सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आला. शेडमध्ये खळ शिजून वीस वर्षं झाली होती. तिनं झटकन मान वळवली. कुणीच नाही.

"हितंच चुकतीस," सर रांगोळीवर बोट ठेवून म्हणाले. "मान वळवलीस, पाय तितंच. तो बगलेत निघाला की पुढचा पंजा रोवायचा, मागचा पाय गोल ओढायचा. बेंबी त्याच्याकडं झाली पायजे. बेंबी जिकडं, लढाई तिकडं."

"आणि तरी तो पुढं सरकला तर?"

"मग मागं फिरत बसू नको. तो जिकडं चाललाय, तितं आधी पाय टाक. वाट काप."

गुरुवारी वास आल्याबरोबर तिनं मान न हलवता पंजा रोवला, मागचा पाय ओढला आणि डावीकडं तिरपं पाऊल टाकलं. रांगोळीत त्या पावलांचा अर्धगोल मध्येच तुटला होता. टाचा मागं सरकल्याची खूण होती.

"बिचकला गं," सर हळहळले. "जरा सांभाळून घे. जुना माणूस हाय."

रविवारी चाचणीच्या हॉलमध्ये समोर अक्कलकोटची महेश्वरी होती. तीही बगलेतूनच शिरणारी. पहिल्याच मिनिटात ती डावीकडं निघाली. शिवलीला वळली, बेंबी बरोबर समोर आली, आणि मागून खळीचा वास आला.

कुठल्या रिक्षानं आला होता, देव जाणे. महेश्वरीकडं तोंड करावं तर पाठ त्याच्याकडं, आणि त्याच्याकडं वळावं तर महेश्वरी जबडा फोडणार.

"दोघं असतील तर एका रेषेत घाल!" कोपऱ्यातून सर ओरडले.

पंचानं रिंगणातली माणसं एकदा मोजून बघितली.

शिवलीलानं महेश्वरीच्या बाहेरून एक तिरपं पाऊल टाकलं, मग दुसरं. अर्धी गिरकी पुरी झाली तेव्हा समोर महेश्वरी होती आणि वास महेश्वरीच्या मागून येत होता. तिनं पोटावर सरळ लाथ घातली. महेश्वरी दोन पावलं मागं गेली आणि कुणाला तरी टेकल्यासारखी मध्येच थांबली.

शिवलीला जिंकली. वास गेला. महेश्वरी खुर्चीवर बसली, लगेच उठली आणि खुर्ची भिंतीला नेऊन लावली.

सोमवारी शेडमधल्या रांगोळीत एकटीचीच पावलं उमटली. सर उकिडव्यानं सगळी फरशी फिरले.

"पंधरा वर्षं येत होता," ते म्हणाले. "पाठवलास अक्कलकोटला."

बुधवारी फोन आला. महेश्वरी कुजबुजत होती. "अक्का, तुमच्यात कसला खळीसारखा वास येतोय का ओ, डाव्या अंगानं? आमच्या हितं माग बी न्हाईत. आज लई जवळ आलाय."

आपण कुणाला कुणाच्या मागं उभं केलं, हे शिवलीलाला रविवारीच कळलं होतं. सांगितलं मात्र तिनं कुणालाच नव्हतं.

"मान वळवू नको," ती म्हणाली. "भिंतीलाबी लागू नको, सवय लागती. मी येते."

दोघी असल्या की एकीनं समोर राहायचं, दुसरीनं बगलेत शिरायचं. आजवर सगळ्यांना त्यानंच बाजूनं घेतलं होतं. त्याला कुणी घेतलंच नव्हतं.

तिनं पिशवीत रांगोळीचा पुडा टाकला, चाळणी उचलली. सर दारापर्यंत आले.

"परत आणशील न्हवं?"

"चाळणी व्हय?"

"त्याला गं."