करिश्माचं खातं

मित्रांनो, अमरावतीहून मोझरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात देवीदासभाऊंचं घर आहे. त्या घराच्या पुढच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, फुलाफुलांचं कापड पांघरून जो कोपऱ्यात बसला आहे, तो मी. मी एक जुना संगणक आहे. कापड काढलंत तर धूळ उडेल आणि तुम्हालाच शिंका येतील, म्हणून तिथूनच ऐका. मधूनमधून घरघर ऐकू आली तर मी रागावलो असं समजू नका, तो माझा पंखा आहे.

माझे सुटे भाग कुठल्या कुठल्या देशांत घडले, हे मला नीट आठवत नाही. आठवतं ते अमरावतीतलं एक कार्यालय. तिथे माझ्याकडून दिवसभर तक्ते भरून घेत आणि संध्याकाळी खटकन बटण दाबून निघून जात. कुणी कधी मायेने फडकं मारलं नाही. पुढे तिथे नवे संगणक आले आणि मला एका दुकानात विकून टाकलं. दुकानदाराने माझं पोट उघडून धूळ झटकली, आत होतं नव्हतं ते सगळं पुसून मला कोरं केलं आणि फळीवर मांडून ठेवलं. आपलं आयुष्य आता फळीवरच जाणार, असं मी धरूनच चाललो होतो.

पण देवीदासभाऊ आले. ते झेंडू आणि शेवंती पिकवत आणि फुलं विकायला पहाटेच अमरावतीला येत. त्यांची लेक करिश्मा तेव्हा अकरावीत होती. तिला संगणक शिकायचा होता, आणि तिने हट्ट धरला की घरात कुणाचं काही चालत नसे. त्या दिवशी फुलांच्या गाडीतून, रिकाम्या पोत्यांवर बसून मी घरी आलो. पुढे कितीतरी दिवस माझ्या फटींमधून शेवंतीच्या पाकळ्या निघत होत्या.

मित्रांनो, संगणकात प्रत्येकाचं एक खातं असतं. खातं म्हणजे घरातली आपली खोली म्हणा ना. दारावर आपल्या नावाची पाटी आणि आत आपलं सामान. करिश्माने पहिल्याच दिवशी माझ्यात आपलं खातं उघडलं. नाव टाकलं आणि नावाशेजारी फुलाचं चित्र लावलं. तिची आई शालूबाई पदराला हात पुसत पाहायला आली. हे फूल काही आपल्या वावरातलं दिसत नाही, असं तिने आधी सांगून टाकलं. मग नावाकडे पाहिलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या नावाचं पहिलं अक्षर तिने ध्यानात ठेवलं. एक उभी काडी आणि तिला टेकलेल्या दोन काड्या. रोज सकाळी झाडझूड करताना ती मला सुरू करायची, ते नाव उजळलेलं पाहायची आणि कामाला लागायची. सुरू करणं तिला जमायचं, बंद करणं काही जमलं नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. करिश्मा झरझर शिकली. बघता बघता ती गावातल्या पोरांच्या वाढदिवसाचे बॅनर करायला लागली. काळे चष्मे लावलेले, मोबाईल कानाला धरलेले किती भावी सरपंच माझ्या पडद्यावर जन्मले म्हणून सांगू! तिची मैत्रीण दीपमाला शेजारी बसून त्या पोरांना हसायची आणि दोघींचं हसू आवरेनासं झालं की बॅनरवर भलतीच तारीख पडायची. दसऱ्याला माझी पूजा होई. फुलवाल्यांचं घर, त्यामुळे देवापेक्षा माझ्याच अंगावर झेंडू जास्त.

करिश्मा फोटो काढून माझ्यात ठेवी. एक लहानसा व्हिडिओही आहे. त्यात शालूबाई फुलं तोडते आहे, कॅमेरा दिसताच पदर तोंडावर घेते आहे, आणि करिश्मा तिला कॅमेऱ्याकडे बघायला सांगते आहे, "इकडं पाय ना आई." करिश्मा त्यात दिसत नाही, कारण मोबाईल तिच्याच हातात होता. तिचा फक्त आवाज आहे.

मग तिचं लग्न झालं, अकोल्याला. मी लग्नाला गेलो नाही हे उघड आहे, पण तिचा धाकटा भाऊ योगेश याने केलेलं चित्रण माझ्यातच उतरवलं, म्हणून मला सगळं ठाऊक आहे. ताटात तांदूळ पसरले होते. नवरदेवाने अंगठीने त्या तांदळात तिचं नवं नाव लिहिलं, वैष्णवी. करिश्माने ते वाचलं आणि मान वर करून आईकडे पाहिलं. आई टाळ्या वाजवत होती. सगळेच वाजवत होते, आणि ताट पुढच्या विधीसाठी उचललं गेलं.

आता माझ्यावर योगेश बसू लागला. त्याचे कॉलेजचे मित्र घरी यायचे आणि पडद्यावर 'करिश्मा' पाहून त्याला चिडवायचे. वैतागून तो ते खातंच काढून टाकायला निघाला होता. मी तर गारठूनच गेलो. पण नशीब, त्याने आधी बहिणीला फोन लावला आणि फोन माझ्यासमोर ठेवून मोठ्या आवाजावर केला.

"डिलीट नको करू बावा," करिश्मा म्हणाली. "डिलीट केलं तं फोटो बी जातीन अन् बॅनर बी जातीन. फक्त नाव बदल. वरची पाटी बदलते, अंदरचं सामान जिथल्या तिथं राह्यते."

मग कुठे जायचं, काय दाबायचं, हे तिने एकेक करून सांगितलं. मध्येच तिकडून कुणीतरी 'वैष्णवी' अशी हाक मारली. पहिल्या हाकेला ती बोलतच राहिली. दुसऱ्या हाकेला थांबली, आली आली म्हणाली आणि फोन बंद झाला. योगेशने तिने सांगितलं तसं केलं. एक फोटोसुद्धा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाईने मला सुरू केलं आणि बघतच राहिली. हे बेचकीसारखं अक्षर कुठून आलं, असं तिने योगेशला विचारलं. त्याने सांगितलं, की आता तिथे योगेश असं त्याचं नाव आहे. बरं, म्हणाली. त्यानंतर तिने सकाळी मला सुरू करणं सोडून दिलं.

पुढचं सांगताना मला जड जातं. सासर वाईट नव्हतं. माणसं चांगली होती, तिला जपत होती. पण कावीळ झाली, ती तिने कामाच्या नादात अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आमची करिश्मा अकोल्यात गेली. देवीदासभाऊंनी त्या वर्षी शेवंती लावलीच नाही.

निधनाचा निरोप मोबाईलवरून सगळीकडे फिरला. त्यात सौ. वैष्णवी असं नाव होतं, पुढे सासरचं आडनाव आणि गाव अकोला. फोटो जुनाट, अस्पष्ट. दीपमाला तोवर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती, करिश्माच्या लग्नालाही तिला येता आलं नव्हतं. तिच्या मोबाईलवरही तो आला. कुणी ओळखीच्यांच्या नात्यातली असेल म्हणून तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि ती आपल्या कामाला लागली. आठवड्यानंतर बाजारात कुणीतरी तिला खरं काय ते सांगितलं. ती तशीच आमच्या घरी आली आणि शालूबाईच्या गळ्यात पडली.

"मले कसं समजणार होतं व काकू," ती रडत म्हणाली. "वैष्णवी कोन, मी तं ओळखतच नोती."

ते वाक्य शालूबाईच्या काळजात रुतून बसलं. त्यानंतर ती घरभर लेकीचं नाव शोधत फिरू लागली. रेशन कार्डावरचं नाव लग्नानंतर कमी केलेलं होतं. शाळेचे दाखले करिश्माने सोबत अकोल्याला नेले होते. तिकडे हार घातलेल्या फोटोखाली वैष्णवी लिहिलेलं होतं. पोरगी तर गेलीच, पण जिला आपण जन्म दिला ती कधीकाळी होती, याची कुठे खूणसुद्धा राहिली नाही, असं ती म्हणायची. जेवायला बसली की घास हातातच राहायचा.

योगेश तोवर नोकरीला लागला होता, अमरावतीत खोली करून राहत होता. माझी गरज कुणालाच उरली नव्हती, म्हणून तर हे कापड माझ्या अंगावर आलं. एका रविवारी तो घरी आला तेव्हा शालूबाईने माझ्यावरचं कापड ओढून काढलं.

"ह्याच्यावर पह्यले तिचं नाव येत होतं ना," ती म्हणाली. "मले तेवढं परत आनून दे."

योगेश माझ्यासमोर बसला. मी बऱ्याच दिवसांनी जागा होत होतो, त्यामुळे फार वेळ लागला, पण तो चिडला नाही. त्याने आईला समजावून सांगितलं, की ताईच्या नावाचं नवं कोरं खातं उघडतो. तिचे फोटो त्यात हलवतो आणि हे जुनं खातं मग उडवून टाकतो, म्हणजे जागा होईल. मित्रांनो, पोराचं मन चांगलं होतं, पण हलवाहलवीत एखादा फोटो जरी मागे राहिला असता, तरी तो कायमचा गेला असता. तो आवाजाचा व्हिडिओ कुठल्या कोपऱ्यात आहे, हे योगेशला ठाऊकसुद्धा नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. विचारलं तेवढंच उत्तर मला देता येतं.

त्याने नव्या खात्यासाठी नाव टाकलं, करिश्मा. आणि बटण दाबलं.

मग मी मला येत होतं ते उत्तर दिलं. योगेशने ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा बदललेला पाहून शालूबाईने विचारलं, की काय म्हणते ते.

"आई, हे म्हणते का करिश्मा नावाचं खातं इथं आधीच हाय."

शालूबाई खुर्ची धरून पडद्याजवळ वाकली. योगेशने मग माझ्या आतल्या कप्प्यांत जाऊन पाहिलं. त्या दिवशी त्याने बदलली होती ती फक्त दारावरची पाटी. माझ्या पोटात त्या खात्याचं नाव पहिल्या दिवशी तिने टाकलं तेच होतं, आणि खालचा कप्पाही त्याच नावाचा होता. तिचे फोटो त्यात, तिचे बॅनर त्यात. आणि योगेशने एवढी वर्षं जे जे साठवलं, त्याचा अभ्यास, त्याचे नोकरीचे अर्ज, मित्रांसोबतच्या सहली, सगळं त्याच कप्प्यात जाऊन बसलं होतं. तो आपल्या खोलीत राहतो असं समजत होता आणि राहत होता बहिणीकडे. त्याने तोंडावर हात धरला.

पडद्यावर माझं उत्तर अजून तसंच होतं. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. ती काय आहे, असं शालूबाईने विचारलं.

"दुसरं नाव द्या म्हणते."

"दुसरं नाव नको देऊ," शालूबाई म्हणाली. "एकडाव देलं ना."

योगेशने ते सगळं बंद केलं. नवं खातं उघडलं नाही, जुनं उडवलं नाही. जुन्याच पाटीवर पुन्हा करिश्मा लिहिलं आणि आपली नोकरीची कागदपत्रं आतच राहू दिली. शालूबाई त्या नावाकडे बघत राहिली. मग योगेशला काय वाटलं कोण जाणे, त्याने आईकडे वळून विचारलं, की लग्नाच्या आधी तुझं नाव काय होतं.

शालूबाई गोंधळली. असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "पंचफुला," ती हळूच म्हणाली. "माहा बाप गेला, मंग त्या नावानं हाक माराले कोनी नाई राह्यलं."

मित्रांनो, मी आता फार दिवस चालेन असं नाही. माझी आतली तबकडी कुरकुरते. योगेशने सगळं दुसरीकडेही उतरवून घेतलं आहे, ते बरं केलं. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला भंगारात देण्याआधी त्याच्या आत कोण राहतं, ते एकदा उघडून बघा. आणि आज घरी गेलात की आईला विचारा, तिचं पहिलं नाव काय होतं. सांगायला ती थोडा वेळ घेईल. घेऊ द्या.